कोडिंग येत नाही पण गेम इंडस्ट्रीत काम करायचंय? मग सुरुवात अशी करा

"मला कोडिंग अजिबात येत नाही, मग गेम इंडस्ट्रीत माझं काही होऊ शकतं का?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की एकदा बसून सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. उत्तर हो असंच आहे. पण "मला गेम्स खूप आवडतात" एवढ्यावर कोणी आत घेत नाही, आणि "माझ्याकडे भारी आयडिया आहे" यावर तर अजिबातच नाही, कारण आयडिया स्टुडिओतल्या प्रत्येकाकडे ढीगभर असतात. तुमच्या हातात छोटं का होईना पण पूर्ण केलेलं, दुसऱ्याला उघडून बघता येईल असं काम पाहिजे. मी स्वतः टेस्टिंगमधून आत आले, आता प्रॉडक्शन बघते, आणि नवीन लोकांचे पोर्टफोलिओ चाळायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं, तेव्हा जे लिहितेय ते दोन्ही बाजूंनी बघून लिहितेय.

आधी काम कसं वाटलेलं असतं ते समजून घ्या

एक साधा सीन घ्या. गेममध्ये लाकडी पूल आहे, प्लेअर अर्ध्यावर पोचला की तो कोसळतो. आता हा एवढासा पूल किती जणांच्या हातून जातो बघा. कॉन्सेप्ट आर्टिस्ट तो कसा दिसेल ते काढतो, थ्रीडी आर्टिस्ट त्याच्या फळ्या वेगवेगळ्या बनवतो म्हणजे तुटताना सुट्या होतील, अ‍ॅनिमेटर फळ्या कशा निखळतात ते ठरवतो, धूळ आणि लाकडाचे तुकडे उडतात ते व्हीएफएक्सवाल्याचं (व्हिज्युअल इफेक्ट्स करणाऱ्याचं) काम, कडकड आवाज साऊंड डिझायनरचा. पूल नेमका त्याच जागी का, ते लेव्हल डिझायनर ठरवतो. पळायला दोन सेकंद द्यायचे की तीन, ते गेम डिझायनर. सोबतचं पात्र "मागे बघू नकोस, पळ!" म्हणतं ती ओळ रायटरची, ती दहा भाषांत नेणारे लोकलायझेशनवाले वेगळे. प्रोग्रॅमर हे सगळं जोडतो. टेस्टर त्याच पुलावरून दोनशे वेळा पडतो. प्रोड्युसर बघतो की हे सगळं वेळेत एका ठिकाणी येतंय का, आणि रिलीज झाल्यावर "पुलावर गेम अडकतोय" म्हणून लोक ओरडायला लागले की त्यांच्याशी बोलणारा कम्युनिटी मॅनेजर असतो.

यात कोड लिहिणारा एकच माणूस आला. बाकीचे सगळे त्याच्याइतकेच लागतात. शिगेरु मियामोतो इंडस्ट्रियल डिझाइन शिकलेले, १९७७ मध्ये निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीत लागले आणि १९८१ चा डाँकी काँग हा गेम त्यांनी डिझाइन केला, ते प्रोग्रॅमर नव्हतेच. फायनल फॅन्टसी या गेम मालिकेचं संगीत देणारे नोबुओ उएमात्सु तर संगीतही स्वतःच शिकलेले.

एकच रोल निवडा, निदान सुरुवातीला

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. थोडं आर्ट, थोडं रायटिंग, थोडं म्युझिक असं सगळं थोडं थोडं दाखवतात आणि बघणाऱ्याला कळतच नाही की याला नेमकं कुठे बसवायचं. निवडताना "मला काय आवडतं" यापेक्षा "कुठलं कंटाळवाणं काम मी न कंटाळता करू शकते" हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. एकच ओळ वीस प्रकारे लिहायला मजा येते का? एक्सेलमध्ये आकडे फिरवत बसायला आवडतं का? एकच भिंत शंभर वेळा घासून कुठून आरपार जाता येतं ते शोधायचा पेशन्स आहे का? उत्तर जिथे हो येईल तो तुमचा रोल. आता एकेक घेते, काहींवर जास्त बोलणार आहे कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

क्यूए म्हणजे टेस्टिंग

लोकांना वाटतं दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात. तसं नसतं. तोच पूल, तीच दोन सेकंदं, आज पळत, उद्या उलटं चालत, परवा मधेच कंट्रोलर काढून, मग मधेच सेव्ह करून. आणि सापडलेला बग नीट लिहिता येणं हेच खरं कौशल्य. माझा सुरुवातीचा एक रिपोर्ट प्रोग्रॅमरकडून "माझ्याकडे होत नाहीये" असा शेरा मारून परत आला होता, कारण मी एवढंच लिहिलं होतं की पुलाजवळ गेम अडकतो. तोच बग असा लिहायला हवा होता:

शीर्षक: पूल कोसळत असताना सेव्ह करून लोड केल्यास प्लेअर दरीच्या काठावर अडकतो, पुढे जाता येत नाही.
बिल्ड नंबर (म्हणजे गेमची कुठली आवृत्ती) आणि डिव्हाइस: (जे असेल ते, न चुकता)
स्टेप्स: १. पुलावर चालायला सुरुवात करा. २. पहिली फळी तुटली की पॉझ करून सेव्ह करा. ३. मेन मेन्यूला जा. ४. तोच सेव्ह लोड करा.
काय व्हायला हवं: पूल शाबूत दिसावा किंवा प्लेअर पलीकडे असावा.
काय होतंय: पूल आधीच कोसळलेला, प्लेअर अलीकडेच, दुसरी वाट नाही.
किती वेळा: १० पैकी १० वेळा.
गांभीर्य: जास्त, गेम पुढे जातच नाही.
सोबत: व्हिडिओ.

हे वाचून प्रोग्रॅमरला तुम्हाला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. अशा प्रकाराला सॉफ्टलॉक म्हणतात, म्हणजे गेम क्रॅश होत नाही पण पुढेही जाता येत नाही, आणि असे शब्द आपोआप तोंडात बसायला हवेत: रिग्रेशन म्हणजे दुरुस्त केलेलं परत बिघडलंय का ते बघणं, स्मोक टेस्ट म्हणजे नवीन बिल्ड निदान चालू तरी होतंय का ते बघणं. कन्सोलवर गेम काढायचा तर सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो तिघांच्या आपापल्या नियमांच्या याद्या असतात, कंट्रोलर डिस्कनेक्ट झाला तर काय दिसलं पाहिजे इथपर्यंत, आणि त्या तपासणाऱ्या टेस्टर्सची वेगळी टीम असते.

पोर्टफोलिओसाठी काय करायचं, तर अर्ली अ‍ॅक्सेसमधले (म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला खुले केलेले) किंवा फुकटचे छोटे इंडी (छोट्या, स्वतंत्र टीमने बनवलेले) गेम घ्या, पाच-सहा खरे बग शोधा, वरच्या पद्धतीने लिहा आणि डेव्हलपरला नम्रपणे पाठवा. छोटे डेव्हलपर बहुतेक वेळा आनंदाने उत्तर देतात, आणि दुरुस्त झालेला बग पॅच नोट्समध्ये (अपडेटसोबतच्या बदलांच्या यादीत) आला तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा, कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा तो जास्त बोलतो.

गेम डिझाइन आणि लेव्हल डिझाइन

डिझायनर म्हणजे आयडिया सांगणारा नाही, तर प्लेअरला न सांगता शिकवणारा. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल परत एकदा शांतपणे खेळून बघा. पहिला गुम्बा, म्हणजे एक छोटा शत्रू, समोरून येतो, काही नाही केलं तर मरता, म्हणून उडी मारायला शिकता. मग प्रश्नचिन्हाचा ठोकळा फोडता, त्यातून मशरूम निघतं, ते उजवीकडे जातं, पाइपला आपटून परत तुमच्याकडे येतं. शत्रू समजून वरून उडी मारायला गेलात तरी डोक्यावरच्या विटांना आपटून बहुतेक त्याच्यावरच पडता, आणि मारिओ मोठा होतो. एक अक्षर न लिहिता समजलं की हे चांगलं असतं. या लेव्हल्स आधी ग्राफ पेपरवर काढलेल्या होत्या, तेव्हा वही-पेन्सिल हेही डिझायनरचं टूल आहे हे विसरू नका.

अजून एक उदाहरण, मला फार आवडणारं. बऱ्याच प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या, गेम्समध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या एका छोट्या अंशापर्यंत उडी मारता येते, याला कायोटी टाइम म्हणतात. प्लेअरला कधीच कळत नाही, त्याला फक्त वाटतं की कंट्रोल मस्त आहेत. असं काहीतरी लक्षात आलं की लिहून ठेवायची सवय लावा, तुमची डिझायनरची नजर अशीच तयार होते.

प्रत्यक्ष काम म्हणून ऐंशी पानी गेम डिझाइन डॉक्युमेंट लिहू नका, कोणी वाचत नाही, मीही वाचत नाही. एक पान करा, चित्रासकट. पत्त्यांचा किंवा बोर्डचा गेम कागदावर बनवून पाच जणांना खेळायला द्या, तुम्ही गप्प बसून बघा, कुठे अडले ते लिहा, नियम बदला, परत खेळवा. ही सगळी प्रोसेस फोटोंसकट मांडली की तो एक जबरदस्त पोर्टफोलिओ पीस होतो आणि यात कम्प्युटरही लागला नाही. लेव्हल डिझाइन करायचं असेल तर ज्या गेमसोबत एडिटर मिळतो तिथून सुरू करा, पोर्टल २ मध्ये २०१२ पासून सोपा लेव्हल एडिटर आहे, रोब्लॉक्स स्टुडिओ आहे, फोर्टनाइटचं क्रिएटिव्ह आहे. टीम फोर्ट्रेस २ मध्ये तर कम्युनिटीतल्या लोकांनी बनवलेले मॅप ऑफिशियली घेतलेले आहेत. सुरुवातीला नुसते राखाडी ठोकळे ठेवून लेव्हल बांधतात, त्याला ब्लॉकआउट म्हणतात, सजावट नंतर. नवीन लोक झाडं आणि लायटिंगवर महिनाभर घालवतात आणि लेव्हल खेळायला कंटाळवाणी निघते, हे मी इतकं बघितलंय की कळकळीने सांगते, ठोकळ्यांत मजा येत नसेल तर झाडं लावून येणार नाही.

रायटिंग आणि लोकलायझेशन

गेम रायटिंग म्हणजे मोठी कथा हा गैरसमज. बरंचसं काम छोट्या ओळींचं असतं. पहारेकऱ्याला चाहूल लागली, तो काय म्हणेल? "कोण आहे तिकडे?" ठीक आहे, पण प्लेअर हे शंभर वेळा ऐकणार, मग "कसला आवाज तो?", "उंदीर असेल... असायलाच हवा", "बाहेर ये, दिसलास मला!" अशा वीस ओळी लागतात, प्रत्येक छोटी, प्रत्येक वेगळी, आणि त्यातून तो माणूस भित्रा आहे की आडदांड हेही कळलं पाहिजे. आज रात्री असा एक पहारेकरी लिहून बघा, दहाव्या ओळीनंतर खरी परीक्षा सुरू होते.

टूल म्हणाल तर वाचणाऱ्याच्या निवडीनुसार वळणाऱ्या कथा बनवायचं ट्वाइन २००९ पासून आहे, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, एका संध्याकाळी शिकता येतं. इंक नावाची स्क्रिप्टिंग भाषा इंकल स्टुडिओने स्वतःच्या गेम्ससाठी बनवली आणि २०१६ मध्ये सगळ्यांना खुली केली, रायटर लोकांना ती सहज जमते. व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रांसोबत वाचत खेळायच्या कथा, त्यासाठी रेनपाय आहे, डोकी डोकी लिटरेचर क्लब हा गेम त्यातच बनलाय. आरपीजी मेकरमध्ये बनलेला २०११ चा टू द मून बघा, ग्राफिक्स साधे आणि लोक रडतात.

लोकलायझेशनकडे कोणी लक्ष देत नाही आणि दोन भाषा उत्तम येणाऱ्यासाठी ही खूप चांगली वाट आहे. अडचण कशी असते बघा. इंजिनमध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो त्यात, ओळ असते "तुम्हाला अमुक मिळाला", आणि अमुकच्या जागी गेम वस्तूचं नाव टाकतो. बाण असेल तर ठीक, पण तलवार आली की "तलवार मिळाला", धनुष्य आलं की "धनुष्य मिळाला". इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही म्हणून मूळ टीमच्या लक्षातही येत नाही. चांगला लोकलायझर ही ओळ "नवीन वस्तू: तलवार" अशी फिरवून मोकळा होतो आणि टीमला का फिरवली तेही सांगतो. शिवाय भाषांतर बटणात मावलं पाहिजे, जर्मनमध्ये शब्द लांबतात हे यूआयवाल्यांचं (बटणं आणि मेन्यू बनवणाऱ्यांचं) कायमचं दुखणं. एखाद्या छोट्या ओपन सोर्स किंवा फुकट गेमचं भाषांतर करायची तयारी दाखवा, क्रेडिट्समध्ये नाव मागा.

आर्ट आणि आवाज

आर्टवर साहित्य भरपूर मिळतं म्हणून थोडक्यात सांगते. ब्लेंडर (थ्रीडीसाठी) आणि क्रिटा (चित्रांसाठी) दोन्ही फुकट आणि प्रोफेशनल दर्जाचे आहेत. सुंदर रेंडर (मॉडेलचं तयार चित्र) पुरत नाही, मॉडेल गेममध्ये चालेल असं हवं, म्हणून पॉलिगॉन (मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांनी बनतं ते) किती, वायरफ्रेम (त्यांच्या कडांची जाळी) कशी, टेक्स्चरची (मॉडेलवर चढवलेल्या चित्राची) साइज काय हे पोर्टफोलिओत दाखवा. आणि यूआय आर्टचा विचार नक्की करा, सगळ्यांना ड्रॅगन काढायचे असतात, मेन्यू आणि आयकॉन नीट करणारे फार कमी भेटतात.

आवाजासाठी एक ठरलेला आणि चांगला सराव म्हणजे एखाद्या गेमप्लेचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या, मूळ आवाज पूर्ण काढा आणि सगळा आवाज स्वतः बनवा. पावलांच्या आवाजाची एकच फाइल परत परत वाजली की मशीनगनसारखी ऐकू येते, म्हणून प्रत्येक जमिनीसाठी पाच-सहा वेगळी पावलं रेकॉर्ड करतात आणि गेम त्यातून आलटून पालटून वाजवतो. हे एफमॉड किंवा वाइज या टूलमध्ये करून दाखवलंत तर तुम्ही नुसते संगीतकार नाही, गेमचा आवाज समजणारे आहात हे दिसतं.

प्रॉडक्शन, कम्युनिटी आणि बाकीचे

प्रोड्युसर म्हणून थेट पहिली नोकरी मिळणं अवघड, बहुतेक जण क्यूएमधून किंवा दुसऱ्या क्षेत्रातल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधून येतात. कम्युनिटीचं काम करायचं असेल तर एखाद्या गेमच्या डिस्कॉर्ड चॅट ग्रुपवर मॉडरेटर व्हा, भडकलेल्या प्लेअरला शांत कसं केलं याची दोन उदाहरणं इंटरव्ह्यूत सांगता आली पाहिजेत. आणि तुम्ही आधीच अकाउंट्स, एचआर, कायदा किंवा मार्केटिंगमध्ये असाल तर नवीन काही शिकायच्या आधी गेम कंपन्यांतल्या त्याच कामाच्या जागा बघा, तिथेही हे सगळे लोक लागतातच.

आता हातात काम कसं आणायचं

गेम जॅम. दुसरा चांगला रस्ता मला माहीत नाही. लुडम डेअर २००२ पासून आहे, ग्लोबल गेम जॅम २००९ पासून, आणि इच डॉट आयओ या इंडी गेम्सच्या साइटवर वर्षभर छोटे-मोठे जॅम चालूच असतात. ठरलेल्या थीमवर दोन-तीन दिवसांत गेम करायचा असतो. टीम शोधताना "मला कोडिंग येत नाही, चालेल का?" असं विचारू नका. "मी रायटर आहे, ट्वाइनमधलं हे माझं काम, शिवाय टेस्टिंग आणि इच पेजचं सगळं मी बघेन" असं लिहा. प्रोग्रॅमर लोकांना पेज लिहिणं, स्क्रीनशॉट काढणं, ट्रेलर कापणं हे सगळं नकोसं असतं, तुम्ही ते उचललंत की पुढच्या जॅमला ते स्वतः बोलावतात.

हे सगळं करताना एखादं इंजिन निदान उघडता आलं पाहिजे. युनिटी, अनरियल, गोडो, कुठलंही एक. फाइल कुठे असते, एखादा आकडा कसा बदलायचा, बदल गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये) कसा टाकायचा एवढं पुष्कळ झालं. अनरियलमधलं ब्लूप्रिंट किंवा जीडेव्हलप यात कोड न लिहिता ठोकळे जोडून गेम चालतो. मात्र एक खरं सांगते, कोडिंग नाही आलं तरी चालतं, "असं झालं तर तसं कर" या विचाराची भीती असून चालत नाही, कारण तो विचार रायटरलाही लागतो आणि टेस्टरलाही.

साधारण हिशोब असा ठेवा: पहिले दोन आठवडे रोल ठरवणं आणि टूल हातात घेणं, पुढचा दीड महिना एक छोटं काम पूर्ण करणं, मग एक जॅम, मग जॅममध्ये झालेल्या चुका सुधारून दुसरा. म्हणजे रोज तास-दीड तास दिलात तर चार-पाच महिन्यांत दाखवायला तीन गोष्टी होतात. तीन पुरतात. दहा अर्धवट पाठवू नका.

पोर्टफोलिओ उघडल्यावर मी काय बघते ते सांगते. लिंक उघडते का, लॉगिन मागते का, सगळ्यात चांगलं काम पहिलं आहे का. टीमचं काम असेल तर त्यात तुमचा भाग कुठला ते स्पष्ट लिहिलंय का, हे फार महत्त्वाचं, मोघम लिहिलं की शंका येते. मग आधी काय होतं, टेस्टिंगनंतर काय बदललं आणि का. हा "का" वाचूनच मी बहुतेक वेळा पुढे बोलवायचं ठरवते.

अर्ज करताना डोळे उघडे ठेवा

२०२३ आणि २०२४ मध्ये या इंडस्ट्रीत हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्यामुळे तुमच्यासोबत अनुभवी माणसंही त्याच जागांना अर्ज करतायत हे माहीत असू द्या. पहिलं काम बऱ्याचदा काही महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर मिळतं, क्यूएमध्ये तर खूपच, म्हणून चालू नोकरी लगेच सोडू नका. रिलीजच्या आधी रात्रंदिवस काम करून घ्यायची सवय काही ठिकाणी आहे, त्याला क्रंच म्हणतात, इंटरव्ह्यूत "मागच्या रिलीजच्या आधीचा महिना कसा होता?" असं सरळ विचारा, उत्तर द्यायला माणूस किती अडखळतो त्यावरून कळतं.

"घरबसल्या गेम टेस्टर व्हा, आधी रजिस्ट्रेशन फी भरा" असं काही दिसलं की तिथून निघा, नोकरी देणारा पैसे मागत नाही. बीटा टेस्टला बोलावणं आलं तर जरूर खेळा, पण ती नोकरी नाही. आणि एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही केली असेल तर त्या गेमचा स्क्रीनशॉट पोर्टफोलिओत काय, मित्रालाही दाखवू नका.

इंटरव्ह्यूच्या आधी त्या स्टुडिओचा एक तरी गेम खेळा आणि वहीत तीन गोष्टी लिहून न्या: काय आवडलं, कुठे अडकलात, आणि तुमच्या रोलमध्ये असता तर कुठली एक छोटी गोष्ट बदलली असती. छोटीच. गेमची कथाच बदलायला निघालेल्यांचा अंदाज चुकलेला असतो, "दुसऱ्या मेन्यूत बॅकचं बटण वेगळ्या जागी आहे, माझा हात तीनदा चुकला" असं सांगणारा लक्षात राहतो. टेस्ट टास्क दिला तर वेळेची मर्यादा आधी विचारून घ्या, तीन-चार तासांचं काम रास्त आहे, आठवडाभराचं फुकट काम मागत असतील तर पैसे विचारायला लाजू नका. वेळ संपली की थांबा, आणि जे राहिलं ते राहिलंय असं खाली सरळ लिहा, अजून दोन तास असते तर आधी काय केलं असतं तेही लिहा, आम्ही ती ओळ नेहमी वाचतो.